एका शब्दाची इंग्रजी

माझ्या मायने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत वाचायला पुस्तक उघडलं आणि मी तिला अर्ध्या पानावर गप्प केलं. कशाने, तर एका इंग्रजी शब्दाने. तो शब्द मला येऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. इंग्रजीतले बाकीचे शब्द येत नव्हते असं नाही, पण ते सगळे परीक्षेतले. बोलायचा म्हणून असा हा एकच. नवा चाकू हाताला लागला की माणूस दिसेल ते कापून बघतं, तसं माझं चाललं होतं, आणि शेवटी कापलं काय, तर घरचंच बोट. आता माझे दात काढून ठेवायचे झाले आहेत, एका डोळ्यातला मोतीबिंदू काढून झालाय, दुसऱ्याचा पिकतोय. तरी त्या अठरा वर्षांच्या कुंदाची आठवण झाली की तिच्या दोन कानशिलात वाजवाव्या वाटतं. ती सापडत नाही म्हणून हे लिहिणं.

आमचं घर हिंदी मुलखाच्या कडेला, बालाघाटात, राइस मिलच्या मागच्या वस्तीत होतं. मिल सुरू झाली की जमिनीतून धकधक यायची आणि माठातलं पाणी थरथरायचं. हवेत कायम बारीक कोंडा. केसात कोंडा, वाळत घातलेल्या कपड्यांवर कोंडा, आणि झाकण विसरलं तर डाळीतही कोंडा. बाबा जंगल खात्याच्या लाकूड डेपोत चौकीदार. ते घरात शिरायच्या आधी सागवानाचा वास शिरायचा. माय रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत जायची आणि बाकीचं वर्ष विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि ओली तेंदूपानं, हातात छोटी कैची. पान कापलं, जर्दा भरला, वळलं, तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला. बोलता बोलता, बघितल्याशिवाय. जेवायला लाखोळीची डाळ आणि भात, कधी भेदऱ्याची, म्हणजे टमाट्याची चटणी, बाजाराच्या दिवशी सुकी मासोळी. मासोळी भाजली की शेजारची सयाबाई कुंपणावरून ओरडायची, "वैनी, वास आला, आता वाटी काहून नाही आली?"

या घरातून मी कॉलेजात जायला लागले आणि तिथे मला नीलम भेटली. नीलम मलाजखंडची, तांब्याच्या खाणीच्या टाउनशिपमधली. वडील इंजिनियर. ती मुलींच्या होस्टेलात राहायची, हिंदी बोलायची, आणि आमच्या घरी भातावर तूप पडायचं तशी तिच्या हिंदीवर इंग्रजी पडायची. थोडीच, पण सगळ्यांना दिसेल अशी. कॅन्टीनचा समोसा, प्राध्यापकांचा तास, रविवारची दुपार, सगळ्याला तिचा एकच शब्द होता, "बोरिंग." (आमच्या भागात हँडपंपालाही बोरिंगच म्हणतात. त्यावरचा विनोद बाबांनी त्या वर्षी इतक्या वेळा केला की मी इथे तो करत नाही.)

शब्द एका दिवसात आला. त्याच्यासोबतचं शिकायला मात्र महिना गेला. नीलम 'बोरिंग' नुसतं तोंडाने म्हणत नसे. आधी खांदे ढिले सुटायचे, मग पापण्या निम्म्यावर उतरायच्या, मग एक श्वास, आणि त्या श्वासावर तरंगत तो शब्द यायचा. मी बाबांच्या दाढीच्या आरशासमोर सराव केला. आरसा तळहाताएवढा, त्यात एका वेळी एकच डोळा मावायचा. म्हणून आधी उजव्या पापणीला शिकवलं, मग डाव्या पापणीला. दोन्ही एकदम उतरवताना आपण कशा दिसतो हे मी कधीच पाहिलं नाही, आणि तेच बरं झालं. माय दोन-तीन दिवस बघत होती. शेवटी म्हणाली, "कुंदे, डोये आले का वो तुले? धन्याच्या पान्यानं धू."

पापण्या तयार झाल्यावर मी घराकडे वळले. लाखोळीची डाळ बोरिंग झाली. मिलची धकधक बोरिंग झाली. बाबा तर फारच बोरिंग, कारण जेवताना ते रोज डेपोत आलेल्या लाकडाचंच सांगायचे. या माणसाला ओंडक्याच्या वासावरून तो कुठल्या जंगलातला ते सांगता यायचं. असा दुसरा माणूस मला पुढच्या उभ्या आयुष्यात भेटला नाही, आणि मी त्यांच्यासमोर पापण्या पाडून भात चिवडत बसायची. या शब्दाचा मोठा गुण असा की तो वापरायला काहीच यावं लागत नाही. 'खारट' म्हणायचं तर निदान चाखावं लागतं. 'चुकलं' म्हणायचं तर बरोबर काय ते ठाऊक लागतं. 'बोरिंग' म्हटलं की काम झालं. दोष समोरच्याचा, आणि म्हणणारी एक वीत उंच. माझी नात रेवा हा शब्द दिवसातून चाळीस वेळा म्हणते, आणि तेही मोबाइलमधून डोकं वर न काढता. पापण्यांची मेहनतसुद्धा नाही. आमच्या काळी निदान कष्ट होते.

आता मुद्द्याचं. पावसाळ्याचे तीन महिने, वर्षावासात, आमच्या विहारात रोज दिवेलागणीला ग्रंथवाचन होतं. तेव्हाही व्हायचं, आताही होतं. रोज एका घराची पाळी. त्या घरचं माणूस पुढे बसून ग्रंथ वाचतं, बाकीची वस्ती ऐकते, आणि त्याच घरून आलेला खाऊ शेवटी वाटतात. वाचायला पुरुषच बसायचे, कारण वाचता त्यांनाच यायचं. आमच्या घरून बाबा. बाबा नाकातून वाचायचे आणि गाडी सुटत असल्यासारखं वाचायचे. दोन पानं झाली हे लोकांना ते उठल्यावर कळायचं. विहाराचं सगळं बघायचे ते गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी आदल्या वर्षी बायकांसाठी दुपारचा वर्ग काढला होता. माय आणि सयाबाई विड्यांची सुपं बाजूला ठेवून पाटी घेऊन जायच्या. मायच्या पाटीवरच्या अक्षरांना जर्द्याचा वास यायचा, आणि मला त्याची लाज वाटायची. कॉलेजकन्या ना मी!

त्या वर्षी गुरुजी आमच्या आंगणात आले आणि म्हणाले, "वैनी, यंदा तुमच्या घरून तुम्ही वाचा."

"माह्याच्यानं कुठं होते, गुरुजी?"

"होते. एकच पान वाचा. पन तुम्ही वाचा."

पान ठरलं ते हंसाचं. एक राजपुत्र, त्याच्यासमोर बाण लागलेला हंस पडतो, तो बाण काढून त्याला जपतो. ज्याने बाण मारला तो भाऊ येऊन हंस मागतो. आणि दोघे भांडत न्यायसभेत जातात, हंस कोणाचा म्हणून. ग्रंथ विहारात कापडात गुंडाळलेला असायचा, घरी आणायचा नाही. म्हणून बाबांनी तिथे बसून ते पान डेपोच्या जुन्या फॉर्माच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत उतरवून आणलं. माय ते सुपाच्या कडेला टेकवायची. हात विड्या वळायचे, डोळे पानावर, ओठ चालू. दीड महिना रोज तेच पान. प्रत्येक जोडाक्षराच्या आधी ती थांबायची, नाल्यावरून उडी मारायच्या आधी बाई लुगडं खोचते तशी, आणि पलीकडे पोचली की मान वर करून आमच्याकडे बघून हसायची. 'न्यायसभेत'पाशी मात्र दर वेळी पाय ओला. "न्या... न्या..." करत परत मागे. तिथवर आलं की मी उशी कानावर दाबून ओरडायची, "माय, सो बोरिंग!" तिला वाटायचं, मी इंग्रजीचा अभ्यास करून राहिले. ती आवाज बारीक करायची. माझ्या अभ्यासासाठी.

पाळीच्या दिवशी नीलम म्हणाली, मीही येते. वाचनानंतर खीर असते असं मी बोलून बसले होते, ती माझीच चूक. "मत आ," मी म्हटलं, "बहुत बोरिंग होता है." ती हसली आणि रिक्षा करून आली, पायात उंच टाचांच्या चपला. विहाराच्या दाराशी तिने त्या काढल्या तेव्हा सयाबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "याच्यावर उभं राहाचं असते का चढाचं असते, वो?" मी जमिनीत जाईन तर बरं असं झालं. माय नवं पांढरं लुगडं नेसून पुढे बसली होती. बोटांवरचा जर्द्याचा रंग लिंबाने घासून घासून घालवला होता. समोर मेणबत्त्या, गुरुजी बाजूला, बाबा भिंतीला टेकून, खिरीचं पातेलं झाकून ठेवलेलं. आणि मी नीलमच्या शेजारी बसून मायकडे नाही, नीलमच्या पापण्यांकडे बघत होते. त्या उतरल्या तर? माझ्या भित्र्या डोक्याने हिशेब मांडला तो असा: आधी तिच्या उतरल्या तर मी आमच्यातली, आधी माझ्या उतरल्या तर मी तिच्यातली. हा हिशेब करायला मला बाप कॉलेजात पाठवत होता.

माय वाचायला लागली. बोट ओळीखाली, आवाज आधी थोडा कापरा, मग बरा. बाण लागला, हंस पडला. राजपुत्राने बाण काढला. भाऊ आला, भांडण झालं. विहार चिडीचूप, मिलसुद्धा त्या दिवशी बंद होती. आणि मग तो नाला आला. "न्या..." म्हणून ती थांबली. बोट अक्षरावर. कोणी खोकलंही नाही. त्या शांततेत मी खांदे ढिले सोडले, पापण्या उतरवल्या आणि नीलमकडे झुकून म्हणाले, "सो बोरिंग, ना?"

हळू म्हणायचं होतं. पण श्वासावर तरंगणारा शब्द शांत विहारात कुठवर जातो हे मला कोणी शिकवलं नव्हतं. तो पार मायपर्यंत गेला. तिने मान वर केली, आणि माझ्या जन्माची लाज आहे ती इथे आहे, ती हसली. अख्ख्या वस्तीकडे बघून अभिमानाने म्हणाली, "इंग्रजीत बोलली का वो पोरगी? का म्हनते, गुरुजी?"

गुरुजी चष्मा पुसायला लागले. चांगला स्वच्छ चष्मा. बाबा पातेल्याकडे बघत राहिले. तेव्हा सयाबाई म्हणाली, "काय म्हनली ते मले नाही समजलं, वैनी. पन डोये पाह्यले म्या तिचे. माही सासू असेच डोये कराची, माह्या हातची भाकर खाताना."

मायचं हसू लगेच गेलं नाही. ते ओठांवर थोडा वेळ तसंच राहिलं, कोणी न्यायला न आलेल्या पाहुण्यासारखं. मग तिने ओळीवरचं बोट उचललं आणि ग्रंथ बाबांकडे सरकवला. "तुमी वाचा. माह्या घशाले कोरड पडली." बाबांनी नाकातून उरलेलं पान एका दमात संपवलं. नीलमने मला कोपराने ढोसलं, "फिर हंस किसको मिला?" मला काय ठाऊक? माझे कान जळत होते. शेवटी खीर वाटली. मायने स्वतःच्या हाताने माझ्या वाटीत खीर घातली, बाकीच्यांइतकीच, काजूसकट. त्याऐवजी तिने पळी डोक्यात घातली असती तर मी आज हे प्रकरण लिहिलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून सुपाच्या कडेचं पान नाहीसं झालं. माय दुपारच्या वर्गाच्या वेळी आंगण झाडायची, भांडी घासायची, सूप घेऊन कुठेतरी निघून जायची. रागावली नाही, बोलायची थांबली नाही, पण घरात वाचण्याचा आवाज बंद झाला. पहिले दोन दिवस मला वाटलं, सुटले. तिसऱ्या दिवशी अभ्यासाला बसले तर नुसती कैची ऐकू येत होती, कच, कच, आणि मला एक ओळ पाठ होईना. चौथ्या दिवशी ती वांगी चिरत होती, आणि खाली मान घालूनच तिने विचारलं, "त्या शब्दाचा अर्थ का आहे, वो?"

मी पुष्कळ वळसे घेतले. शेवटी म्हणाले, "ज्यात मन लागत नाही, ते."

"अस्सं." एक वांगं चिरून झालं. "मंग रोवनी बोरिंग. बिड्या बोरिंग. तुह्या बापाचं घोरनं बोरिंग. अन् तुले नऊ महिने पोटात घेऊन बांधीत वाकनं तं लयच बोरिंग होतं, बाई. मले शब्द माहीत नव्हता म्हनून करत राह्यलो."

पुढे मी उभी नोकरी मास्तरकीत काढली, पण एका शब्दाची इतकी उदाहरणं मला कधी एका दमात देता आली नाहीत. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. तिने वांगी फोडणीत टाकली आणि चुरर्र आवाजात ते बुडवलं.

इकडे कॉलेजात नीलम पाठ सोडेना. "बता ना, हंस का क्या हुआ?" दीड महिना जे पान माझ्या कानाशी वाचलं गेलं, त्याचा शेवट मला येत नव्हता. 'न्याय'पाशी दर वेळी मी उशी घ्यायची. म्हटलं, बाबांनी वाचलं ना तुझ्यासमोर. ती म्हणाली, "तेरे पापा तो एक्सप्रेस हैं. मम्मी धीरे पढ़ती हैं, तो मुझे मराठी समझ में आ रही थी. तूने बीच में बोल दिया."

"तुझे बोरिंग नहीं लगा?"

"बोरिंग तो हमारा क्वार्टर है," ती म्हणाली. "पापा क्लब में, मम्मी सोई हुई. मुझे कौन पढ़कर सुनाता है?" हे म्हणताना तिच्या पापण्या अजिबात उतरल्या नाहीत. ज्या मुलीची नक्कल करायला मी महिना घालवला, ती स्वतःच त्या जागी नव्हती. असा कपाळमोक्ष सगळ्यांच्या नशिबी नसतो.

मी घरी येऊन मायला विचारलं, "माय, हंसाचं काय झालं?"

"वाचून घे ना. बीए करून राह्यली तू."

पान शोधलं. मसाल्याच्या डब्यामागे नाही, माठाखाली नाही, बाबांच्या पेटीत नाही. मी धरून चालले की तिने ते चुलीत घातलं. दोन रात्री मला झोप आली नाही, आणि मी झोपेची शौकीन आहे, म्हणजे बघा. रविवारी नीलम स्वतःच दारात उभी, "आंटी से सुनूँगी." माय घरात नव्हती. सूपही नव्हतं. मी तिला शोधायला सयाबाईच्या घराकडे वळले, नीलम मागे. कुडाच्या भिंतीपाशी पोचलो आणि पाय थांबले. आतून मायचा आवाज येत होता.

ती वाचत होती. ती एकही दिवस थांबलीच नव्हती. थांबली होती ती माझ्यासमोर. दुपारी सूप घेऊन ती इथे येत होती, आणि दोघी बायका विड्या वळत ते पान ओलांडत होत्या. पोरीच्या तावडीतून अक्षरं वाचवून तिने कुंपणापलीकडे नेऊन ठेवली होती. मी भिंतीच्या भेगेतून बघितलं. फॉर्माचा कागद घडी घालून घालून मऊ पडला होता. हंस पडला, बाण निघाला, भाऊ भांडला. मग ती थांबली. वाटलं, आता परत मागे. पण तिने लुगडं खोचल्यासारखा दम घेतला आणि एका झटक्यात म्हणाली, "न्यायसभेत!"

"मारली ना उडी!" सयाबाईने मांडीवर थाप मारली. सुपातला जर्दा उडाला. "आता पुढं घे, वैनी. त्या पाखराचं का होते ते मलेबी पायजे."

आणि माझ्या मायने, बोट ओळीखाली ठेवून, ना घाईने ना नाकातून, शेवटपर्यंत वाचलं. जीव घेणाऱ्यापेक्षा जीव वाचवणाऱ्याचा हक्क मोठा, हंस त्याचा. नीलमने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. मग तिला राहवलं नाही, ती टाचांच्या चपला वाजवत आत पळाली, "आंटी, एक बार और! पूरा, शुरू से!" माय दचकली, मग खूश झाली, मग तिला मी दिसले.

पुढे ती दरवर्षी वाचत राहिली. त्याच वर्षी, वर्षावास संपतो त्या आश्विन पौर्णिमेलाही तिनेच वाचलं. शेवटच्या वर्षांत तिला दिसत नव्हतं तेव्हा ग्रंथ मांडीवर उघडा ठेवून हंसाचं पान तोंडपाठ म्हणायची, आणि तरीही बोट ओळीखाली फिरवायची. ग्रंथ उलटा धरला असता तरी कोणाला कळलं नसतं. हे सगळं मी रेवाला परवा वाचून दाखवत होते. निम्म्यावर तिने मोबाइल उचलला. मी चष्मा पुसला.

तर त्या रविवारी मी सयाबाईच्या दाराच्या चौकटीशी उभी होते. तोंडात एकही शब्द नाही, मराठी नाही, हिंदी नाही, आणि तो एक इंग्रजी तर नकोच. मायने कागदाची घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवली, लुगड्यावरचा जर्दा झटकला. नीलमला बसायला सूप सरकवून जागा केली. मग माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात, म्हणाली:

"तू एक शब्द शिकली, म्या एक पान शिकलं. माहं पान झालं, उद्या गुरुजीले दुसरं मागतो. तूबी आता दुसरा शब्द शिक."